गारव्याचा साठा : नांदेड-लातूर परिसरातील शीतसंचयाचा इतिहास

गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यांत वसलेल्या नांदेड व लातूर जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, आणि त्या दिवसांत दूध, मासळी, केळी किंवा लस किती टिकेल याचा हिशेब तासांत करावा लागतो. प्रशीतनाचा, म्हणजे वस्तूतील उष्णता काढून घेऊन ती थंड राखण्याच्या तंत्राचा, इतिहास सहसा यंत्रांच्या अंगाने सांगितला जातो. कॉम्प्रेसर कधी आला, वीज कधी पोहोचली, शीतगृह कोठे उभे राहिले, अशी त्याची मांडणी असते. मराठवाड्याच्या बाबतीत ही मांडणी अपुरी पडते. येथे गारवा निर्माण करण्यापेक्षा तो साठवून ठेवण्याचा प्रश्न अधिक बिकट होता, कारण गारवा हाती येण्याची वेळ आणि त्याची निकड भासण्याची वेळ या दोन्हींचा मेळ क्वचितच बसत असे. बर्फ दुसऱ्या गावाहून येई, वीज रात्री असे आणि दूध सकाळी येई. लस जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचे आणि ती टोचून घेणारे मूल मात्र किनवटच्या जंगलपट्ट्यातील एखाद्या पाड्यावर असे. या दोन वेळांमधले अंतर भरून काढण्यासाठी ज्या पदार्थांचा आधार घेतला गेला, त्यांना आज तंत्रज्ञ ‘अवस्थांतर पदार्थ’ किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पीसीएम’ म्हणतात. त्यांच्यातला सर्वांत जुना आणि आजही सर्वांत स्वस्त पदार्थ म्हणजे साधे पाणी.

अवस्थांतर म्हणजे घनाचे द्रवात किंवा द्रवाचे वायूत रूपांतर होणे. हे रूपांतर चालू असताना पदार्थ बाहेरून भरपूर उष्णता घेतो, पण त्याचे तापमान वाढत नाही; तापमापीला न दिसणाऱ्या या उष्णतेला शालेय पुस्तकांत ‘अप्रकट उष्मा’ म्हटले जाते. ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक या रसायनशास्त्रज्ञाने १७६० नंतरच्या काही वर्षांत प्रयोगांनी ही गोष्ट सिद्ध केली. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, तर शून्य अंशावरच्या एक किलो बर्फाचे शून्य अंशावरच्याच पाण्यात रूपांतर व्हायला ३३४ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ ऐंशीपट, लागतात. नांदेड-लातूरच्या लग्नसराईत घरोघर पोहोचणाऱ्या थंड पाण्याच्या वीस लिटरच्या जारवरून हा फरक मोजून पाहता येतो. ३० अंशांवरून १० अंशांवर आणलेल्या त्या वीस लिटर पाण्यात जितका गारवा साठतो, तितका पाच किलो बर्फाच्या वितळण्यातून मिळतो. शिवाय जारातले पाणी पहिल्या क्षणापासून तापत जाते, तर बर्फ शेवटचा तुकडा वितळेपर्यंत शून्य अंश सोडत नाही. थोड्या जागेत मोठा साठा आणि साठा संपेपर्यंत स्थिर तापमान, या दोन गुणांमुळेच शीतसंचयाच्या इतिहासात अवस्थांतराला केंद्रस्थान मिळाले.

बर्फ येण्यापूर्वी या भागात गारव्याची साधने नव्हती असे नाही. मातीचा माठ, रांजण, वाळ्याच्या ओल्या ताट्या ही सारी साधने पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतात, आणि एक किलो पाण्याची वाफ होताना बर्फाच्या वितळण्याच्या सुमारे सातपट उष्णता शोषली जाते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ उत्तम काम देतो तो यामुळेच. पण त्यात साठा नसतो. वाफ झालेले पाणी हवेत निघून जाते, ते परत मिळत नाही, आणि पाणी रोज नव्याने आणावे लागते. ज्या प्रदेशातील लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टँकरने पाणी पुरवावे लागले, त्या प्रदेशात ही अट लहान म्हणता येणार नाही. मोगल दरबारांत सोऱ्याने पाणी गार करण्याची पद्धत होती. अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त ती नोंदलेली आहे: सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषतो, त्या द्रावणात पिण्याच्या पाण्याचे धातूचे भांडे फिरवले की आतले पाणी थंड होते. हेच द्रावण उकळून आटवले की सोरा पुन्हा हाती येतो. पदार्थ न गमावता गारवा मिळवण्याची आणि तोच पदार्थ पुन्हा वापरण्याची ही कल्पना आजच्या अवस्थांतर पदार्थांच्या फार जवळची आहे. तिचा लाभ दरबारापुरताच राहिला, ही तिची मर्यादा.

साठवलेला गारवा विक्रीची वस्तू बनला तो अमेरिकेतील बॉस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांच्या उद्योगामुळे. थंडीत गोठलेल्या तळ्यांवरून कापलेला बर्फ लाकडाच्या भुशात रचून त्यांनी १८३३ मध्ये कलकत्त्याला पाठवला. निघताना जहाजावर सुमारे १८० टन बर्फ होता आणि चार महिन्यांच्या उष्ण कटिबंधातील प्रवासानंतर त्यातला १०० टनांच्या आसपास शिल्लक होता. १८३४ मध्ये असा बर्फ मुंबईतही उतरला. एका गोलार्धातील हिवाळा भुशाच्या थरात गुंडाळून दुसऱ्या टोकाच्या उन्हाळ्यात विकण्याचा हा व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कृत्रिम बर्फाच्या कारखान्यांनी संपवला, पण त्याचा एक ठसा प्रशीतनाच्या मोजमापावर कायमचा राहिला. प्रशीतन यंत्राची क्षमता आजही ‘टना’त सांगितली जाते, आणि एक टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो तितकी उष्णता काढण्याची ताकद, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट.

हा सागरी बर्फ निजामाच्या राज्यातील मराठवाड्याच्या सामान्य बाजारापर्यंत येण्यासारखा नव्हता. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेची मीटरगेज वाट नांदेडवरून मनमाडला १९०० च्या सुमारास जोडली गेली, आणि बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी १९११ मध्ये लातूरला पोहोचली. या दोन वाटांनी कापूस, डाळी आणि तेलबिया बाहेर गेल्या. नाशवंत माल मात्र जिथे पिकला तिथल्याच आठवडी बाजारात संपत राहिला, कारण गाडी होती तरी तिच्यात गारवा नव्हता. पुढे तालुक्याच्या गावांपर्यंत बर्फाचे कारखाने आले तेव्हा साठ्याचे एकक म्हणून लादी रूढ झाली. या कारखान्याची रचना साधी आणि भक्कम असते. मिठाच्या पाण्याची मोठी टाकी अमोनियाच्या यंत्राने शून्याच्या खाली नेली जाते, तिच्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उभे डबे सोडले जातात, आणि कित्येक तासांनंतर प्रत्येक डब्यातून एक लादी निघते. गोणपाट आणि भुसा यांत गुंडाळलेली ही लादी सायकलवरून, हातगाडीवरून आणि एसटीच्या टपावरूनही खेड्यात जाई. मांजरा धरणातले किंवा विष्णुपुरीच्या जलाशयातले रोहू-कटला बाजारात न्यायचे तर आजही फोडलेल्या लादीचाच थर माशांवर टाकावा लागतो. वीज नसलेल्या ठिकाणी विजेचे काम पोहोचवणारी वस्तू म्हणून लादीकडे पाहिले, तर शीतसंचयाची सारी तत्त्वे तिच्यात आधीच सापडतात.

शून्य अंश मात्र सगळ्याच कामांना पुरत नाही. कुल्फी गोठवायला त्याहून बरीच खाली जाण्याची गरज असते, आणि कुल्फीवाल्यांनी ती बर्फात मीठ घालून भागवली. बर्फ आणि मीठ एकत्र आले की मिश्रणाचा गोठणबिंदू खाली सरकतो. मिठाचे प्रमाण सुमारे २३ टक्के असताना तो उणे २१ अंशांवर, म्हणजे या जोडीला शक्य असलेल्या सर्वांत खालच्या बिंदूवर, येतो. दोन पदार्थांचे जे ठरावीक प्रमाण एखाद्या शुद्ध पदार्थाप्रमाणे एकाच तापमानाला गोठते व वितळते, त्याला ‘युटेक्टिक’ मिश्रण म्हणतात. मटक्यात बर्फ-मीठ भरून त्यात कणकेने तोंड बंद केलेले पत्र्याचे साचे फिरवणाऱ्या कारागिराला हे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते, तरी त्याचे तंत्र मात्र पुरेपूर युटेक्टिक होते. हेच तत्त्व पुढे आइस्क्रीमच्या हातगाड्यांत शिरले. त्यांच्या भिंतींत क्षारांच्या द्रावणाने भरलेल्या बंद पट्ट्या असतात; रात्रभर गाडी विजेला जोडून ठेवली की द्रावण गोठते, आणि दिवसभर गाडी उन्हातून फिरली तरी ते सावकाश वितळत आतला माल घट्ट राखते. मटक्यातले मीठ-पाणी दिवसाअखेर ओतून द्यावे लागे. पट्टीतले द्रावण तेच ते, वर्षानुवर्षे गोठते आणि वितळते. साठवणीचा पदार्थ मालापासून वेगळा करून कायमचा बंद करणे ही या इतिहासातली मोठी पायरी मानली पाहिजे, कारण तिच्यामुळे पाण्याखेरीज इतर पदार्थ वापरण्याची वाट मोकळी झाली.

या साऱ्या प्रवासात नांदेड-लातूरच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेला सर्वांत अधिक शिवणारा भाग दुधाचा आहे. देवणी ही गाईची जात लातूर जिल्ह्यातील देवणी तालुक्याच्या नावाने, तर लाल कंधारी ही नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या नावाने ओळखली जाते; मराठवाडी म्हैस याच पट्ट्यातली. काळ्या जमिनीच्या मशागतीला लागणारे दणकट बैल ही या गोवंशांची पहिली ख्याती, त्यामुळे दर घरी निघणारे दूध थोडे आणि गावोगाव विखुरलेले राहिले. थोडे दूध, लांब वाट आणि कडक ऊन या तिहेरी अडचणीवर जुना उपाय अग्नीचा होता. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील भूम-कुंथलगिरीच्या बालाघाट पट्ट्यात दुधाचा खवा करण्याचा धंदा रुजला, आणि त्यामागचा हिशेब सरळ होता: गारवा साठवता येत नसेल तर दुधातले पाणीच आटवून टाकावे. त्या भागात खव्याच्या भट्ट्या इतक्या बहरल्या, यात चवीबरोबर शीतसाखळीच्या अभावाचाही वाटा आहे, असे म्हणण्यास पुरेसा आधार दिसतो. ज्या गवळ्याला दूध विकून पैसे हवे होते, त्याला भट्टीवाल्याचा भाव मान्य करण्यावाचून दुसरी वाट नव्हती.

अशी दुसरी वाट मोकळी करण्याचा प्रयत्न राज्याच्या दुग्धव्यवसाय विकास विभागाने शासकीय दूध योजनांमधून केला. नांदेडला अशी योजना होती, उदगीरलाही होती, आणि उदगीरला दुधाची भुकटी करणारा शासकीय प्रकल्पही उभा राहिला, जो पुढे बंद पडला. या योजनांच्या शीतकरण केंद्रांत यंत्रसामग्रीचे हृदय असे ते ‘आइस बँक’, म्हणजे बर्फाची टाकी. पाण्याने भरलेल्या एका जाड आच्छादनाच्या टाकीत नळ्यांची वेटोळी असतात. त्यांच्यातून अमोनिया वाहू लागला की नळ्यांभोवती बर्फाचे कवच धरू लागते आणि तीन-चार सेंटिमीटरपर्यंत जाड होते. दूध आले की त्या टाकीतले एक-दोन अंशांचे पाणी पंपाने प्लेट चिलरमध्ये, म्हणजे पातळ पत्र्यांच्या एका आड एक थरांच्या यंत्रात, पाठवले जाते. पत्र्याच्या एका बाजूने दूध आणि दुसऱ्या बाजूने हे पाणी वाहते, दूध गार होते, आणि तापलेले पाणी टाकीत परतून बर्फ वितळवते.

या रचनेमागचे शहाणपण आकड्यांत पाहण्यासारखे आहे. १००० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायचे तर सुमारे १ लाख २५ हजार किलोज्यूल उष्णता काढावी लागते, म्हणजे साधारण ३७५ किलो बर्फ वितळावा लागतो. हे काम दूध येण्याच्या दोन तासांतच थेट यंत्राने करायचे ठरवले, तर सुमारे पाच टन क्षमतेचे यंत्र हवे. तेच काम रात्रीच्या दहा तासांवर पसरले, तर नुकसानीचा भाग सोडून एक टनाचे यंत्र पुरते. यंत्र लहान, विजेची जोडणी लहान, आणि रात्रीची हवा गार असल्याने उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरवरचा भारही हलका. जिथे कंडेन्सर पाण्याने थंड केला जातो तिथे पाण्याची बचत होते ती वेगळीच. दूध दिवसातून दोनच वेळा येते, हे गाई-म्हशींचे वेळापत्रक यंत्राला पाळता येत नव्हते, ते बर्फाने पाळले. ‘ऑपरेशन फ्लड’च्या, म्हणजे १९७० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय दुग्धविकास कार्यक्रमाच्या, यशाची चर्चा सहकाराच्या संघटनेभोवती फिरते आणि ते योग्यच आहे, पण देशभरच्या शीतकरण केंद्रांत रात्री बर्फ धरणाऱ्या या टाक्यांनाही त्या यशात न्याय्य वाटा मिळायला हवा.

आइस बँकेला दोन मर्यादा होत्या. पहिली मर्यादा बर्फ धरण्याच्या प्रक्रियेतलीच. कवच जाड होत जाते तसा बर्फच उष्णतेच्या वाटेत आडवा येतो, आणि नळीतले तापमान उणे आठ-दहा अंशांपर्यंत खाली न्यावे लागते. यंत्राला जितके खाली जावे लागेल तितकी तेवढ्याच गारव्याला वीज अधिक लागते. दुसरी मर्यादा विजेचीच. मराठवाड्याला जवळची वीज परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्रातून १९७१ पासून मिळू लागली, पण या केंद्रालाही पाणी लागते, आणि २०१३ मध्ये व पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी आली, त्यानंतरची काही वर्षे ग्रामीण भागात भारनियमनाची होती आणि रोज कित्येक तास वीज नसे. गावपातळीवर दूध थेट थंड करणारे बल्क कूलर याच काळात पसरत होते, आणि त्यांना साठा नसल्याने वीज गेली की डिझेलचे जनित्र सुरू करावे लागे. डिझेलचा खर्च लिटरमागे मिळणाऱ्या तुटपुंज्या फरकातून जात असल्याने लहान संकलन केंद्र चालवणे तोट्याचे ठरे आणि दूर वाडीवरचा उत्पादक पुन्हा संकलनाच्या बाहेर पडे.

या अडचणीवर महाराष्ट्रात तयार झालेले एक उत्तर पुण्यातून आले. सॅम व्हाइट आणि सोरिन ग्रामा यांनी २००७ मध्ये अमेरिकेत प्रोमिथिअन पॉवर सिस्टिम्स ही कंपनी सुरू केली, तेव्हा त्यांचा विचार सौरऊर्जेवर दूध थंड करण्याचा होता. भारतीय गावे पाहिल्यावर त्यांना दिसले की वीज येते, पण बेभरवशाची येते. म्हणून सौरपट्ट्यांच्या खर्चात न पडता, वीज असेल तेव्हा गारवा साठवणारी ‘थर्मल बॅटरी’ जोडलेला दूध-शीतक त्यांनी पुण्यातून पुढे आणला. वीज केव्हाही येवो, साठा भरत राहतो. दूध केव्हाही येवो, ते काही क्षणांत ४ अंशांकडे नेले जाते. आइस बँकेचीच कल्पना येथे गावाच्या मापाला आणली गेली, आणि डिझेल हद्दपार झाले. २०१६ पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि मदर डेअरी यांच्या सहभागाने राबवलेल्या विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पात नांदेड आणि लातूर हे जिल्हे आले, आणि गावपातळीवरच दूध थंड करण्याचा प्रश्न नव्याने महत्त्वाचा झाला.

दुधापेक्षाही कठोर परीक्षा लसीची असते, कारण नासलेले दूध नाकाला कळते आणि निकामी झालेली लस कोणालाच कळत नाही. भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये आणि सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. त्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘आयएलआर’ या नावाने ओळखली जाणारी पेटी आली. हे वरून उघडणारे शीतकपाट असते. थंड हवा जड असल्याने झाकण उघडले तरी ती खालीच राहते, आणि भिंतींच्या आत पाण्याचे अस्तर असते, जे वीज असताना गोठते. चोवीस तासांत आठच तास वीज मिळाली तरी आतले तापमान २ ते ८ अंशांत राहावे, अशा हिशेबाने ही पेटी बनवली जाते. कृषिपंपांच्या वाहिनीवर आठ तास वीज मिळणे हीच जिथे कित्येक वर्षे नित्याची स्थिती होती, त्या मुलखात हा आठाचा आकडा केवळ कागदी राहत नाही. भारनियमनाच्या वर्षांत नांदेड-लातूरच्या आरोग्य केंद्रांतली लस जगली ती या अस्तराच्या जोरावर, आणि बालकांच्या आरोग्याच्या इतिहासात या साध्या पाण्याच्या थराला मानाचे स्थान द्यायला हवे.

येथेही शून्य अंशाने एक धोका उभा केला. आरोग्य केंद्रातून उपकेंद्राकडे किंवा तांड्यावर लस नेताना आरोग्यसेविका खांद्याला अडकवण्याची पेटी वापरते आणि तिच्यात चार बाजूंना बर्फाचे चार पॅक ठेवते. डीप फ्रीझरमधून काढलेला पॅक उणे वीस अंशांच्या आसपास असतो. पोलिओच्या तोंडावाटे देण्याच्या लसीला गोठण्याने बाधा येत नाही, पण धनुर्वात, त्रिगुणी किंवा कावीळ-बी यांच्या लशी एकदा गोठल्या की त्यांतील ॲल्युमिनियमच्या क्षाराची घडण मोडते आणि त्या टाकून द्याव्या लागतात. म्हणून पॅक बाहेर काढून तो हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचे, आणि मगच पेटीत ठेवायचा, असे प्रशिक्षणात शिकवले जाते. हा आवाज म्हणजे अवस्थांतर सुरू झाल्याची खूण असते. बर्फ आणि पाणी एकत्र आहेत तोवर पॅक शून्याखाली राहू शकत नाही. लस वाचवण्याची एवढी मोठी जबाबदारी पहाटे निघण्याच्या घाईतल्या सेविकेच्या कानावर टाकणे ही तंत्राची उणीव होती, तिच्या कामातली नव्हे. वेल्समध्ये विकसित झालेल्या आणि मुंबईच्या गोदरेजने भारतात आणलेल्या ‘शुअर चिल’ पद्धतीने स्थिर पेट्यांपुरते तरी ते ओझे उतरवले. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते. वर बर्फ आणि खाली लशीचा कप्पा अशी रचना केली की बर्फ वितळताना ४ अंशांचे पाणी आपोआप खाली बसते आणि कप्पा गोठण्याच्या धोक्यापासून दूर राहतो.

दुसरा मार्ग पाणीच सोडून देण्याचा. लातूरच्या हिवाळ्यात घरातले खोबरेल तेल बाटलीत गोठते आणि उन्हात ठेवले की पातळ होते, कारण त्याचा वितळणबिंदू २४ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे खोबरेल तेल हा २४ अंशांचा बर्फच झाला. असे पदार्थ शोधून हव्या त्या अंशाचा ‘बर्फ’ तयार करणे हा अवस्थांतर पदार्थांच्या शास्त्राचा आधुनिक टप्पा आहे. मारिया टेल्केस या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञेने १९४८ मध्ये अमेरिकेतील डोव्हर गावी एका घरात ग्लॉबर क्षार, म्हणजे स्फटिकजल असलेले सोडिअम सल्फेट, भरून सूर्याची ऊब साठवून दाखवली. हा क्षार ३२ अंशांना वितळतो, पण काही ऋतूंनंतर त्यात थर पडले, जड भाग तळाशी बसला आणि साठवणक्षमता घटली. क्षारांच्या बाबतीत दुसरी खोड अशी की काही वेळा ते गोठणबिंदूच्या खाली गेले तरी गोठायला तयार होत नाहीत; त्यासाठी टाकणखारासारखा स्फटिकांना सुरुवात करून देणारा पदार्थ मिसळावा लागतो. खनिज मेणांच्या वर्गात या खोड्या नाहीत: टेट्राडेकेन सुमारे ६ अंशांना आणि पेंटाडेकेन १० अंशांना वितळते. पण त्यांचा अप्रकट उष्मा बर्फाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरतो, ते पेट घेतात, महाग पडतात आणि उष्णता फार मंद गतीने आत-बाहेर जाऊ देतात. गुरुग्रामच्या प्लस ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीजसारख्या कंपन्या आता निरनिराळ्या अंशांचे असे पदार्थ देशातच बनवतात. किलोमागे गारवा आणि रुपयामागे गारवा या दोन्ही कसोट्यांवर पाणी अजून अजिंक्य आहे. इतर पदार्थांचे मोल ठरते ते शून्य अंश जिथे चालत नाही तिथेच.

नांदेड जिल्ह्यात अशी जागा शोधायला लांब जावे लागत नाही. अर्धापूर, मुदखेड आणि नांदेडच्या परिसरातील केळीचे मळे हे या भागाचे मोठे नगदी पीक, आणि केळे हे उष्ण कटिबंधातले फळ थंडीला भिते. १३ अंशांच्या खाली ते काही काळ राहिले की साल काळवंडते आणि पुढे ते नीट पिकत नाही. चिंच किंवा बेदाणा ठेवणाऱ्या शीतगृहाचे तापमान केळ्याच्या कामाचे नाही, आणि बर्फ तर त्याचा शत्रूच. घड कापल्यावर त्यात उरलेली शेतातली उष्णता लवकर काढून घेतली, तर केळे दूरच्या बाजारापर्यंत हिरवे राहते. ती काढता आली नाही, तर व्यापारी बांधावर सांगेल त्या भावाला माल द्यावा लागतो. जे खव्याच्या भट्टीशी दुधाचे झाले, तेच येथे केळीचे होते. आयआयटी खरगपूरच्या पदवीधरांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या पुण्याच्या इकोझेन कंपनीने ‘इकोफ्रॉस्ट’ नावाची सौर शीतखोली बाजारात आणली. सुमारे पाच टन माल मावणाऱ्या या खोलीत रात्रीसाठी अवस्थांतर पदार्थात गारवा साठवला जातो आणि विजेच्या बॅटऱ्यांवरचा भार कमी होतो. अशी खोली शेताच्या बांधावर उभी राहू शकते, आणि तिच्यातला साठवण-पदार्थ निवडताना केळीचे १३ अंश डोळ्यांपुढे ठेवता येतात.

सौर विजेने या इतिहासातले एक जुने गृहीतक मात्र उलटे केले आहे. आइस बँकेची सारी रचना रात्री वीज मोकळी असते आणि हवा गार असते यावर उभी होती. उद्योगांना रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मिळणारी दरातील सवलतही त्याच दिशेने ढकलत असे. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेनंतर ग्रामीण महाराष्ट्रात दिवसा मिळणाऱ्या विजेचे प्रमाण वाढू लागले, आणि मराठवाड्याच्या ऊनभरल्या पठारावर तिची वाढ पुढेही होत राहील. त्यामुळे साठा भरण्याची वेळ मध्यरात्रीवरून दुपारी बारा-एकच्या दिशेने सरकते, म्हणजे यंत्र नेमके ४२ अंशांच्या हवेत उष्णता बाहेर टाकत असताना. तेवढ्या गारव्याला वीज अधिक लागते, पण ती वीज त्या वेळी मुबलक असते. संध्याकाळच्या दुधाला हा साठा लगेच उपयोगी पडतो. सकाळचे दूध मात्र साठा भरल्यानंतर सोळा-सतरा तासांनी येते, आणि तोवर गारवा गळून जाऊ नये म्हणून टाकीच्या भिंतीतला पॉलियुरेथेनचा थर जुन्या टाक्यांपेक्षा जाड ठेवावा लागतो, झाकणाच्या फटी आणि नळ्यांचे सांधे घट्ट बंद करावे लागतात. येत्या काळात लातूर-नांदेडच्या संकलन केंद्रांसाठी टाक्या मागवताना केवळ लिटर आणि टन न विचारता, भरलेला साठा किती तासांत किती टक्क्यांनी घटतो हा प्रश्न निविदेतच विचारला जाणे आवश्यक आहे.